मुंबई मिळेपर्यंत मीठ बंद

आईशी भांडून मी स्वतःची खानावळ काढली आणि ती आईच्या खानावळीच्या बरोब्बर समोर काढली, म्हणजे तिला चुलीजवळून न उठता नीट बघता यावी.

तशी ती मुद्दाम तिथे काढली नव्हती. (मुद्दामच काढली होती.) आमची चाळ लालबागची. मला दिली तीही त्याच चाळीत, त्याच मजल्यावर, आईच्या समोरच्या खोलीत. सासर आणि माहेर यांच्यामध्ये चार पावलांचा बोळ. सासू कोकणात, गावी. त्यामुळे आमचे हे आणि मी दोघंही दोन्ही वेळा आईकडेच जेवायचो आणि माझ्या खोलीत चूल पेटायची ती फक्त चहापुरती.

खानावळ मूळची आजीची. तिच्यानंतर ती आईने चालवली. गिरणीत काम करणारे चाळीस गडी, बायकापोरं गावी ठेवून आलेले, आईच्या हातचं जेवायचे. त्यांना आम्ही मेंबर म्हणायचो. मी दहा वर्षांची असल्यापासून आईच्या चुलीशी होते. लग्नानंतरही रोज सकाळी चार पावलं चालून जायची, चाळीस माणसांचा स्वयंपाक करायची आणि चार पावलं चालून परत यायची. असं करत चौदा वर्षं गेली.

मग एका दुपारी भिकू घाग बोटं चाटत म्हणाला, "काकी, आजची आमटी म्हणजे काय विचारू नका."

आमटी मी केली होती. बांगडे मी साफ केले होते, नारळ मी खवला होता, मसाला मी वाटला होता आणि धुराने डोळे माझे लाल झाले होते. आई त्या वेळी शेजारणीशी बोलत बसली होती. तिने मान न वळवता सांगितलं, "हात माझो हा, भिकू. शालन नुसतां ढवळता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला डाव मी तिथेच टाकला आणि म्हणाले, "मग तुझ्या हाताची खानावळ तूच ढवळ. मी माझ्या हाताची काढते."

"काढ," आई म्हणाली.

एवढंच. नको जाऊस नाही, बस नाही, पाणी पी नाही. मी निघताना तिथली एकच वस्तू उचलली. लोणच्याची मोठी बरणी. चौदा वर्षांत निदान कैऱ्या तरी मीच चिरल्या होत्या.

आमचे हे संध्याकाळी गिरणीतून आले तर मी जमिनीवर बसून यादी करत होते. तांदूळ, वाटाणे, गवार, मिरच्या, हळद, धणे, कोकम, नारळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपण आज जेवायचं कुठे?" पुरुषांना नेमकं काय सुचेल ते सांगता येत नाही.

उद्घाटन रविवारी ठेवलं. गिरण्या बंद, सगळे मेंबर मोकळे. मी घरोघरी बोलवायला निघणार, तोच कळलं की आईने आपल्या सगळ्या मेंबरांना सांगून टाकलंय: रविवारी माझी चूल बंद, सगळ्यांनी शालनकडे जेवायला जायचं. लोक म्हणाले, बघ, आईचं काळीज. मला त्या काळजाचा असा संताप आला की काय सांगू. मला तिचे मेंबर तिच्या नाकावर टिच्चून आणायचे होते. तिने ते पाठवून दिले तर मी टिच्चू कशी?

पण स्वयंपाक मी असा केला की तसा मी त्याआधी कधी केला नव्हता. बांगड्याची आमटी, वाटाण्यांची उसळ, गवारीची भाजी, सोलकढी, भाकऱ्या, भात. वास जिन्यापर्यंत गेला. आमच्या घराण्यात स्वयंपाक चाखून करत नाहीत. आधी देवाला, मग मेंबरांना, आणि चुलीवरच्या बाईने सगळ्यांच्या शेवटी. आजीने हा नियम घातला, आईने पाळला, मी तर भांडून निघालेली, मी तो दुप्पट पाळला. देवापुढे पान ठेवलं, हात जोडले. देवही काही बोलला नाही.

पहिली पंगत बसली. वीसेक माणसं, खोलीत आणि बोळात मिळून. आई आपल्या दारात, हाताची घडी घालून उभी. मी वाढलं आणि दाराशी उभी राहून बघायला लागले.

सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, चव इतकी लागलीय की बोलवत नाही. दुसरा घास घेतला आणि भिकू घाग म्हणाला, "शालन, जरा लोणचं वाढ गं."

मी वाढलं. त्याच्या शेजाऱ्याने मागितलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. मग भिकूने पुन्हा मागितलं. भाकरीशी लोणचं, भाताशी लोणचं, एकाने तर बांगड्याला लोणचं लावलं. आमटी कोणी मागेना, उसळ कोणी मागेना. मी डोक्यात राख घालून बरणी घेऊन फिरत होते, कारण ते लोणचं आईच्या हातचं होतं. माझ्या उद्घाटनाला, माझ्या खोलीत, माझ्या पानावर ही माणसं आईच्या हातचं मागून मागून खात होती, आणि ती समोर उभी राहून बघत होती.

"आमटी घ्या," मी भिकूवर ओरडले.

"आहे की," भिकू पानाकडे बघत म्हणाला. होतीच. पहिली वाढलेली सगळी होती.

मी आत गेले, दाराआड उभी राहिले आणि घराण्याचा नियम मोडून आमटीत बोट बुडवून चाटलं.

आमटीत सगळं होतं. नारळ होता, तिरफळ होतं, कोकम होतं, मिरची होती. फक्त मीठ नव्हतं. उसळ चाखली, तीत नव्हतं. भाजीत नव्हतं. सोलकढीत नव्हतं. मी फळीवर डबा शोधायला लागले आणि मग आठवलं की मीठ मी आणलेलंच नाही. यादीतच नव्हतं.

कारण आमच्या घरात मीठ एकाच हाताने पडायचं. दोघींनी घातलं तर घोटाळा, म्हणून फोडणी कोणीही द्या, मीठ आईच घालायची. भांडं उतरायच्या आधी ती यायची, बरणीत हात घालायची, टाकायची आणि निघून जायची. चौदा वर्षांत मी त्या बरणीला बोट लावलं नव्हतं. मीठ घालायचं असतं हे माझ्या डोक्याला माहीत होतं, हाताला कधी कळलंच नव्हतं.

मला कोणी आधी का सांगितलं नाही? कारण कोणाच्या पहिल्या पंगतीला नाव ठेवायचं नाही अशी आमच्याकडे रीत, आणि त्यात माझा स्वभाव सगळ्या मजल्याला ठाऊक. मी विचार करत होते की बाहेर जाऊन काय सांगावं, तेवढ्यात दत्ताराम परब उठून उभा राहिला.

हा परब गिरणीत घडी खात्यात होता, पण त्याचं खरं काम म्हणजे भाषण. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे म्हणून सगळं लालबाग पेटलं होतं ते दिवस. रोज सभा, रोज मोर्चा, आणि ज्याला त्याला काहीतरी सोडायची हौस. परबाने मुंबई मिळेपर्यंत चपला सोडल्या होत्या. भिकू घागने न्हाव्याकडे जाणं सोडलं होतं, त्यामुळे तो जेवताना अर्धी आमटी दाढीत ठेवायचा. कोणी चहा सोडला होता, कोणी तपकीर.

"मंडळी," परब म्हणाला, "जेवताना बोलू नये, पण आज बोलाक व्हया. आमटीत मीठ नाय. उसळीत नाय. कढीत नाय. एका पदार्थात नसता तर आपण म्हटला असता, बाई विसारली. पण तीन पिढ्यांच्या खानावळीतली बाई सगळ्यात मीठ विसारतली काय?"

"नाय," पंगत म्हणाली.

"मग ह्यां काय आसा?"

पंगत एकमेकांच्या पानांत बघायला लागली.

"ह्यो निषेध आसा," परब म्हणाला. "मी चपला सोडलंय, भिकून वस्तरो सोडल्यान. पण ह्या बाईन मीठ सोडल्यान. मुंबई मिळापर्यंत." आणि तो माझ्याकडे वळला. "शालूताय, खरां ना?"

वीस माणसं घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. त्यांच्या पलीकडे आई. तिला पहिल्या लोणच्यालाच सगळं कळलं होतं, हे मला तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं, मी तिच्यावर ओरडले असते आणि तिथेच सगळं मिटलं असतं. ती नुसती वाट बघत होती. 'विसरले' एवढा एक शब्द बोलायचा होता. तो शब्द तिच्यासमोर बोलण्यापेक्षा मी जिन्यावरून खाली उडी टाकली असती.

"होय," मी म्हणाले. "मुंबई मिळेपर्यंत."

टाळ्या पडल्या. आईने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परबाने माझ्या दारावर पाटी लावली: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत येथे मीठ मिळणार नाही.' अक्षर फार सुरेख होतं. खानावळीच्या दारावर यापेक्षा 'आत देवी आल्या आहेत' असं लिहिलं असतं तरी चार माणसं जास्त आली असती.

आली म्हणा. पहिले आठ दिवस तर रांग लागली. परळहून आले, गिरगावातून आले. बायका माझ्या पाया पडल्या. मला हार घातले. मग प्रत्येकजण पानावर बसायचा, दोन घास घ्यायचा, डोळे पुसत उठायचा आणि बोळ ओलांडून आईकडे पोटभर जेवायचा. मी त्यागाची मूर्ती, आणि हात धुवायला पाणी मात्र समोरच्या खोलीतलं. मला त्या हारांचा असा राग यायचा की एक मी वाटाण्यांबरोबर शिजवणार होते.

तुम्ही म्हणाल, गुपचूप घालायचं होतंस मीठ. घातलं. दहाव्या दिवशी चिमूटभर घातलं. नेमक्या त्याच दिवशी परब शिवाजी पार्कच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना व्रत दाखवायला घेऊन आला. बाईंनी आमटी चाखली आणि चष्मा सारखा केला.

"अहो, पण यात किंचित खारटपणा जाणवतोय."

"मासा समुद्रातला आहे," मी म्हणाले. "तेवढं त्याच्यातून येतं."

"हो का? हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. फार सभ्य होत्या. पण परब मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्यापासून बांगडे गोड्या पाण्यात भिजत ठेवा, शालूताय. लोक शंका घेतत."

घरात वेगळीच तऱ्हा. आमचे हे अळणी आमटीचा घास तोंडात ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघायचे. एकदा म्हणाले, "मुंबईचं काय ठरलं गं?"

"तुम्हाला आज एकदम राजकारण कसं सुचलं?"

"काही नाही. आमटीवरून आठवलं."

ज्या माणसाने जन्मात घोषणा दिली नव्हती तो सगळ्या मोर्च्यांच्या पुढे चालायला लागला. शेवटी सत्याग्रह करून तुरुंगात गेला. चाळीने मला पुन्हा हार घातला. आठ दिवसांनी हे परत आले ते गाल भरून.

"हाल झाले असतील," मी म्हणाले. "जेवायला काय द्यायचे?"

"डाळ."

"कशी असायची?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. "डाळीसारखी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी महिनाभर चुलीशी भाजून घेत होते, आणि माझ्या नवऱ्याला तुरुंगाची आठवण येत होती. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मेंबर गळत गेले. जे माझ्याकडे येऊ म्हणाले होते ते एकेक करून आईकडे परतले. एकाला मी जिन्यात गाठलं आणि "खाल्ल्या मिठाला जागा" असं ओरडणार होते, पण वेळीच जीभ चावली. महिन्याच्या शेवटी माझ्या पंगतीला तिघेच उरले. आमचे हे, कारण त्यांना इलाज नव्हता. भिकू घाग, कारण त्याला स्वतःच्या दाढीमुळे दुसऱ्याच्या व्रताची कळकळ होती. आणि गावाहून नुकताच आलेला एक गडी. त्याला वाटायचं, मुंबईत जेवण असंच असतं.

आणि परब? परब म्हणे सभांमुळे वेळेवर येऊ शकत नव्हता. एका दुपारी मी सहज समोर बघितलं तर आईकडच्या पंगतीत, शेवटच्या पानावर, मला पाठ करून, परब बांगडा सोलत बसलेला. मी डाव घेऊनच बोळ ओलांडला.

"परब, हे काय?"

तो जरासुद्धा दचकला नाही. "व्रत तुमचां, शालूताय," तो म्हणाला. "माझां चपलांचां." आणि खरंच, मांडी घातलेले त्याचे तळवे काळेकुट्ट होते. त्या उत्तरावर मी आजतागायत उलट उत्तर शोधतेय.

त्या दिवशी परत येऊन मी चूल विझवली. ठरवलं, उद्या पाटी काढायची, खानावळ बंद, आणि आईच्या दारात जाऊन डाव हातात घ्यायचा. ती म्हणेल, "ढवळ." मी ढवळेन. हे ठरवताना मला इतका राग आला, तिचा, परबाचा, मुंबईचा आणि सगळ्यात जास्त माझा, की कांदा न चिरताच डोळे वाहायला लागले.

सकाळी साडेदहाला, शेवटचा म्हणून स्वयंपाक होत आला होता, तर आई दारात. महिन्याभरात पहिल्यांदा तिने तो बोळ ओलांडला होता. काखेत तिची मिठाची बरणी, आणि मागे परब. त्याला ती साक्षीदार म्हणून दंडाला धरून घेऊन आली होती.

ती सरळ आत आली, पदर खोचला आणि बरणीत हात घातला.

"काय करतेस, आये?"

"मीठ घालतंय."

"माझं व्रत आहे."

"तुझां आसा," आई म्हणाली. "माझां नाय." आणि आमटीत टाकलं, उसळीत टाकलं, भाजीत टाकलं. मग परबाकडे वळली. "काय रे, नियमात बसता मां?"

परबाने आमटीचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बसता, काकी. चोख बसता."

"चाळीस माणसांचां माका एकटीक होवचां नाय," आई मला म्हणाली. तेव्हा मी तिचे हात बघितले. बोटं सुजली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदाच नारळ तिने एकटीने खवले होते. "तुझे मेंबर तू सांभाळ." एवढं बोलून ती निघाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "बरणी विसरू नकोस," एवढंच तोंडातून आलं.

त्यानंतर तीन वर्षांहून जास्त, रोज साडेदहाला, आई बोळ ओलांडून यायची, माझ्या भांड्यांत मीठ घालायची आणि जायची. मेंबर परत आले. पंगती भरल्या. लोक म्हणायचे, शालनच्या हाताला काय चव आहे. आई समोरून ऐकायची आणि काहीही बोलायची नाही. ती बोलत नाही याचा मला जो राग यायचा तो ती बोलली तेव्हाही आला नव्हता. किती मीठ घालते ते बघायचा मी खूप प्रयत्न केला. पण आज मूठ, उद्या अर्धी मूठ, परवा चार बोटं, आणि विचारायचं तर तोंड कोणतं?

शेवटी मुंबई मिळाली. साठ सालचा एक मे, रविवारच होता. लालबागला दिवे, तोरणं, ताशे. परबाने नव्या चपला घातल्या, आणि इतक्या वर्षांनी घातल्यामुळे तो लंगडत होता. भिकूने दाढी काढली तर त्याला हनुवटी जवळजवळ नाहीच हे सगळ्यांना प्रथमच कळलं. दुपारी सगळा मजला माझ्याकडे जेवायला. परबाने केळीच्या पानावर मिठाचा ढीग आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि छोटंसं (म्हणजे अर्ध्या तासाचं) भाषण करून म्हणाला, "शालूताय, आता तुमच्या हातान."

पंगतीत पहिल्या पाटावर आई बसली होती. माझ्या घरी ती पहिल्यांदाच जेवायला बसली होती. मी मूठ भरली. आमटी उकळत होती. चाळीस माणसं बघत होती. मूठ भांड्यावर धरली आणि ती तशीच राहिली.

एवढं भांडून, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या चुलीपुढे, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी विचारलं, "आये, किती घालू?"

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती जुना सगळा हिशेब चुकता करणार.

"माका काय ठावक?" ती म्हणाली. अगदी खरं बोलत होती. "हाताक ठावक असता."

मी हाताकडे बघितलं. त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मी डोळे मिटून मूठ सोडली, आणि कमी नको म्हणून आणखी एक सोडली.

वाढलं. सगळ्यांनी पहिला घास एकदम घेतला. सगळे गप्प झाले. भिकूने तांब्या उचलला आणि खाली ठेवलाच नाही. आमचे हे भिंतीकडे बघायला लागले. आई मात्र खाली मान घालून जेवत होती, घासामागून घास, जणू काही झालंच नाही. तिने पान साफ पुसून घेतलं. चाळीस माणसांत तेवढं एकच.

परबाने घसा साफ केला.

"शालूताय," तो म्हणाला, "बेळगाव-कारवार अजून येवचां आसा. व्रत सोडूची घाई करू नकात."

पंगतीने माना डोलवल्या. मला परबाचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच पटलं.

"बेळगाव मिळेपर्यंत," मी ताबडतोब म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सव्वादहापासूनच दार उघडं टाकून आईची वाट बघत बसले.